लीड कुणी दिलं?

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर शंभर मीटरची रेषा ओलांडली की माणसं भरभरून बोलतात. यादीत नाव नाही, सासूचं आहे तर सुनेचं दुसऱ्याच शाळेत निघालं, अर्धा दिवस रांगेत गेला, कांद्याचं वाटोळं झालं, सोयाबीनला हमीभाव मिळेना, टँकरचा पत्ता नाही. मात्र बटण कुठलं दाबलं असं विचारलं, की तोच मोकळा माणूस ‘दिलं बघा एकाला’ म्हणतो आणि शाई लागलेलं बोट दाखवून चालू लागतो. निवडणुकांचा अभ्यास करणारे आम्ही लोक इथे फार वर्षं गल्लत करत आलो आहोत. गाऱ्हाणं ऐकलं की त्यालाच मत समजायचं, आणि मत सांगितलं नाही की मतदाराला आतल्या गाठीचा ठरवायचं. मला हे मौन अत्यंत शहाणपणाचं वाटतं. त्याचं मूळ मतदाराच्या स्वभावात शोधण्यापेक्षा आपल्या मतमोजणीच्या पद्धतीत शोधावं, असं मी इथे मांडणार आहे.

आधी गाऱ्हाणं आणि मत यांची फारकत पाहू. महाराष्ट्रात २०२४ साली सहा महिन्यांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या. लोकसभेच्या वेळी नाशिक पट्ट्यात कांदा उत्पादक उघडपणे चिडलेला होता. डिसेंबर २०२३ मधली निर्यातबंदी ऐन प्रचारात, मे महिन्याच्या सुरुवातीला उठली. तोवर माल कवडीमोलाने गेलेला होता. दिंडोरीत तो राग मतांत उतरला आणि विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या. नोव्हेंबरात विधानसभेच्या वेळी सोयाबीनचं रडगाणं तितकंच मोठं होतं. ४,८९२ रुपयांचा हमीभाव कागदावर आणि बाजार समितीत त्याहून पुष्कळ कमी दर, हे मराठवाडा-विदर्भात जो तो सांगत होता. तरीही महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा मिळाल्या. शेतकरी खोटं बोलत होते का? मुळीच नाही. भावाबद्दलचा संताप खरा होता, त्याच घरात बहिणीच्या खात्यात सरकारी योजनेतून दरमहा येणारे दीड हजार रुपयेही खरे होते, आणि जात, उमेदवार, गावचा गट ही गणितं वेगळीच. गाऱ्हाणं चारचौघांत मांडता येतं, कारण ते सगळ्यांचं असतं. मत एकट्याचं असतं आणि म्हणूनच ते जपावं लागतं.

हे जपणं किती खोलवर आहे, याची जाण आमच्या क्षेत्रातल्या चांगल्या संशोधकांना पहिल्यापासून आहे. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेने १९६७ पासून मतदारांचे अभ्यास सुरू केले. पुढे त्यांच्या ‘लोकनीती’ने ते चालू ठेवले. त्यांच्या मतदानोत्तर सर्वेक्षणातली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. मतदार यादीतून नावं निवडून सर्वेक्षक घरी जातो. बाकीचे प्रश्न तोंडी विचारतो. मत कुणाला दिलं हे मात्र विचारत नाही. पक्षचिन्हं छापलेली एक नकली मतपत्रिका आणि एक लहानशी पेटी पुढे ठेवतो. मतदाराने खूण करायची, कागदाची घडी घालायची आणि आपल्या हाताने पेटीत टाकायची. सर्वेक्षकाला चिन्ह दिसत नाही. एवढी काळजी घेऊनही ओट्यावर जाऊबाई बसलेल्या असतात, शेजारी डोकावत असतो, आणि पेटी घेऊन आलेला माणूस नेमका कुणाचा, ही शंका उरतेच. केंद्राबाहेर घाईघाईने घेतल्या जाणाऱ्या एक्झिट पोलची तर गोष्टच सोडा. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्या रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेत होत्या, मिळाल्या २९३. मतांच्या टक्क्यांवरून जागा काढण्याचं गणित, नमुन्याची निवड अशी या चुकीची इतर कारणंही आहेत, सगळा दोष मौनावर ढकलणं बरोबर होणार नाही. पण मौन या कारणांपैकी एक आहे.

मतदार घाबरतो कशाला, असा प्रश्न शहरी वाचकाला पडेल. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ सांगतं की मत कुणाला दिलं हे सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही. व्यक्तीपुरतं हे संरक्षण भक्कम आहे. वस्तीला मात्र ते नाही. मतमोजणी यंत्रानुसार होते आणि फॉर्म २० मध्ये प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली, हे जाहीर होतं. गावात निकालानंतर पहिला प्रश्न येतो, ‘आपल्या बूथवरून लीड कुणाला?’ एका केंद्रावर आठ-नऊशे मतं, त्यात एक गल्ली, एक आळी, एक तांडा. कार्यकर्त्याच्या हातातल्या यादीवर घरं आणि आडनावं आधीच खुणावलेली असतात. मग ‘तुमच्या वस्तीने मागं ठेवलं’ हे वाक्य रस्त्याच्या, गटाराच्या, नळयोजनेच्या अर्जावर न लिहिता लिहिलं जातं. हा केवळ संशय नाही. २०१९ च्या लोकसभा प्रचारात उत्तर प्रदेशात एका केंद्रीय मंत्र्यांनी मिळालेल्या मतांनुसार गावांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून त्या क्रमाने कामं करण्याची भाषा जाहीर सभेत केली होती. कागदी मतपत्रिकांच्या काळात यावर उतारा होता. निवडणूक संचालन नियमांतल्या ५९अ नुसार, मतदारांवर दडपण येण्याची भीती असेल तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रं आली आणि ही सोय गेली. चौदा यंत्रांची बेरीज एकदम देणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं. विधी आयोगाच्या २०१५ च्या २५५ व्या अहवालाने त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. केंद्रनिहाय आकड्यांवरून आपण कुठे कमी पडलो हे उमेदवाराला कळतं, असा युक्तिवाद होता. मला तो पटत नाही. कमी पडलेल्या वस्तीत जास्त काम करणारा आणि तिला धडा शिकवणारा, दोघांच्याही हाती तोच कागद असतो.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे, आणि तो महाराष्ट्रातूनच आला. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत विधानसभेला भाजपच्या उमेदवाराला १,००३ आणि शरद पवार गटाच्या उमेदवाराला ८४३ मतं निघाली. मतदारसंघ पवार गटाच्याच उमेदवाराने जिंकला होता, तरी गावातल्या अनेकांना गावचा आकडा मान्य होईना. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला आपणहून कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. केंद्रनिहाय आकडे नसते तर शंका घ्यायला तरी काय उरलं असतं, असं टीकाकार म्हणतात. यंत्रांबद्दल अविश्वास असताना माहिती कमी करणं धोक्याचं आहे, हे मी मान्य करतो. पण किती मतदान झालं याची केंद्रनिहाय नोंद फॉर्म १७क मध्ये असते, ती तशीच राहू शकते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची पडताळणी करताना केंद्राचं नाव जाहीर न करण्याची तरतूद करता येईल. आणि मारकडवाडीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावं. ‘आमचं गाव अमुकाचंच’ हे सिद्ध करण्यासाठी गाव एकत्र येतं, तेव्हा ज्यांनी वेगळं बटण दाबलं असेल, त्यांनी त्या दुसऱ्या मतदानात काय करायचं?

वस्तीच्या गुप्ततेचा हा प्रश्न आता आणखी निकडीचा झाला आहे. एका केंद्रावरच्या मतदारांची कमाल संख्या आयोगाने २०२५ मध्ये पंधराशेवरून बाराशेवर आणली. रांग कमी व्हावी हा हेतू चांगला आहे, उन्हात ताटकळलेल्या म्हाताऱ्यांना त्याचा फायदाच होईल. पण केंद्र जितकं लहान, तितकी वस्ती उघडी. गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेज इथे एकट्या मतदारासाठी केंद्र उभारलं जातं आणि आपण ते लोकशाहीचं कौतुक म्हणून सांगतो. ते कौतुक योग्यच आहे. फक्त त्या केंद्राचा निकाल वेगळा मोजला, तर त्या एका माणसाने कुणाला मत दिलं हे विचारायचीही गरज राहत नाही. आपल्याकडच्या पाड्यांवर, तांड्यांवर आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमध्ये आकडा एकच्या जागी दोनशे-तीनशे असतो, आणि निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत तो पारावर पोहोचलेला असतो.