एक चालती, एक खोललेली

मर्सिडीजची डब्ल्यू १२४ भारतात बनायला लागली ती १९९५ साली, पिंपरी-चिंचवडमध्ये, टेल्कोच्या आवारात. डायम्लर-बेंझ आणि टेल्कोची ओळख त्याआधी चाळीस वर्षांची. १९५४ मध्ये दोघांनी मिळून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले होते. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ई २२० आणि पाठोपाठ ई २५० डी या सेडान इथून देशभर जाऊ लागल्या. कारखाना पुढे, २००९ मध्ये, चाकणला गेला. म्हणजे पुणं हे या गाडीचं भारतातलं माहेर. त्या वेळच्या गाड्यांनी आता तिशी गाठली आहे. त्यातली एखादी अजून प्रभात रोडला किंवा कॅम्पात दिमाखात जाताना दिसते. आणि तशा दिसणाऱ्या गाडीमागे पुष्कळदा एक न दिसणारी गाडी असते: शहराबाहेरच्या एखाद्या शेडमध्ये विटांवर टेकवलेली, चाकं काढलेली, अर्धी खोललेली.

गॅरेजवाले तिला डोनर म्हणतात.

ही दुसरी गाडी का लागते, याचं उत्तर हिशोबात आहे. तिशीतली डब्ल्यू १२४ विकत घेणं आज फारसं महाग पडत नाही, सांभाळणं महाग पडतं. कंपनीने जुन्या गाड्यांना वाऱ्यावर सोडलं आहे असंही नाही. जर्मनीत फेलबाखला १९९३ पासून खास जुन्या गाड्यांसाठी मर्सिडीजचं क्लासिक सेंटर चालतं आणि पुष्कळ भाग अजून मागवता येतात. पण मागवलेल्या भागाची किंमत, त्यावरचं सीमाशुल्क आणि वाट पाहण्याचे महिने यांची बेरीज मांडली की चित्र स्पष्ट होतं. हेडलाइटची जोडी, दरवाजाची काच, स्पीडोमीटरचं अख्खं क्लस्टर आणि एखादा दरवाजा एवढं नवं घ्यायचं म्हटलं, तर तेवढ्यात बंद पडलेली सबंध गाडी दारात टोचन करून आणता येते. वर त्या गाडीत हे सगळं असतंच, शिवाय उद्या काय लागेल ते आज माहीत नसलेलंही असतं.

या गाडीचा वायपरच घ्या. समोरच्या काचेवर एकच वायपर. तो फिरता फिरता आत-बाहेर सरकतो, कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या बुडाशी गिअरची एक डबी असते. आतलं ग्रीस तीस वर्षांत वाळून दगड होतं, मोटर जोर लावत राहते आणि जूनच्या पहिल्या पावसात वायपर काचेच्या मध्यावर उभा राहतो. ही डबी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत नाही, लोकल बनावटीची तर नाहीच नाही. डोनरमधली डबी काढायची, धुवायची, नवं ग्रीस भरायचं आणि बसवायची. दुपारभराचं काम.

पण डोनर निवडणं हे दुपारभराचं काम नव्हे. सर्वांत स्वस्त मिळेल ती गाडी उचलणारा माणूस नंतर पस्तावतो. साल जवळचं हवं, इंजिन तेच हवं. पुढून ठोकलेली गाडी घेतली तर मागचे दरवाजे, सीट, डिफरन्शियल, डिकीचं झाकण हाती लागेल, पण आपल्या गाडीला पुढचे दिवे आणि रेडिएटरचा सांगाडा हवा असेल तर तिचा उपयोग शून्य. मुंबईत समुद्राच्या हवेत वाढलेल्या गाडीचा पत्रा खालून तपासावा लागतो. जॅक लावायच्या जागा, पुढच्या काचेखालची खोबण आणि पाणी वाहून जायची भोकं आधी सडतात. पुणेरी कोरड्या हवेतली गाडी या बाबतीत बरी, पण इथल्या उन्हाने तिचा डॅशबोर्ड तडकलेला असतो. पाण्यात बुडालेली गाडी वेगळीच. २०१९ च्या सप्टेंबरात आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा पुण्यात कितीतरी गाड्या चिखलाखाली गेल्या होत्या. अशा गाडीच्या काचा, दरवाजे, चाकं घ्यावीत. तिच्यातली एकही इलेक्ट्रॉनिक पेटी घेऊ नये, विकणारा कितीही शपथा घेवो.

डोनर काय देऊ शकत नाही, हे समजायला जास्त वेळ लागतो. त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे इंजिनचं वायरिंग. १९९० च्या दशकाच्या पहिल्या भागात मर्सिडीजने अशा वायरी वापरल्या की ज्यांचं वेष्टण पर्यावरणाला अपाय न करता कुजून जावं. हेतू चांगला होता. पण इंजिनच्या उष्णतेने ते वेष्टण गाडी चालू असतानाच कडक होऊ लागलं, तडकू लागलं आणि हात लावला की भुगा होऊन पडू लागलं. तांबं उघडं पडतं, वायरी एकमेकींना चिकटतात, इंजिन अडखळतं आणि कधी कंट्रोल युनिटही जळतं. आता त्याच सालातली डोनर आणून तिचं वायरिंग आपल्या गाडीला लावणं म्हणजे तोच आजार पुन्हा विकत घेणं. जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन डोनरच्या वायरिंगचे फक्त प्लग आणि टोकं ठेवतो, मध्ये उष्णता सोसणारी नवी वायर ओढतो आणि जुन्या वायरिंगच्या मापाने नवं बांधतो. जुन्यातलं काय टिकतं आणि काय मरतं, याची रेघ इतकी बारीक असते.

हीच रेघ गाडीभर ओढता येते. लोखंड, काच, लाकूड, पितळ, ओतीव ॲल्युमिनियम टिकतं. स्टिअरिंग बॉक्स, दरवाजाची कडी, लाकडी पट्ट्या, सेंट्रल लॉकिंगचा हवेवर चालणारा पंप, सीटचे सांगाडे हे सगळं निर्धास्त घ्यावं. रबर वय लपवत नाही. बुश, माउंटिंग, होजपाइप, दरवाजाची बिडिंग डोनरमध्ये कितीही शाबूत दिसली तरी ती तितकीच म्हातारी असतात. ब्रेकचे पाइप, सीटबेल्ट आणि एअरबॅग यांच्या बाबतीत तर दुमत असूच नये. त्या वस्तू नव्या घ्याव्यात आणि त्यासाठी म्युझिक सिस्टीम, चकचकीत चाकं, पॉलिश यांवरचा खर्च पुढे ढकलावा.

मर्सिडीजचे पार्ट नंबर वाचायला शिकलं की डोनरचं वर्तुळ मोठं होतं. नंबरातले पहिले तीन आकडे बहुतेक वेळा तो भाग मुळात कोणासाठी आखला ते सांगतात. १२४ म्हणजे हीच गाडी, १११ म्हणजे ई २२० चं इंजिन, २०१ म्हणजे धाकटी १९०. मागच्या चाकांची पाच दांड्यांची सस्पेन्शन रचना आधी १९८२ मध्ये १९० मध्ये आली आणि मग डब्ल्यू १२४ मध्ये. या घराण्यातली थोरली म्हणजे ५०० ई. वरून साधी दिसणारी, आत पाच लिटरचं व्ही-८ इंजिन आणि ३२६ अश्वशक्ती असलेली ही सेडान १९९० मध्ये जगापुढे आली. तिची रुंद मडगार्डं मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेनच्या असेंब्ली लाइनमध्ये मावेनात, म्हणून गाडी पोर्शेच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात बांधली गेली. एका गाडीला अठरा दिवस लागत आणि १९९५ पर्यंत १०,४७९ गाड्या बनल्या. असली गाडी बाळगणाऱ्याला इंजिनसाठी जर्मनीकडेच बघावं लागतं. पण तिचे दरवाजे, काचा, कड्या, आतली कितीतरी बटणं त्याच साच्यातली, जी पिंपरीच्या ई २२० ला लागली. दुर्मिळ गाडी सामान्य गाडीच्या आधाराने जगते.

पुण्याला आणखी एक भाग्य लाभलं आहे, ते डब्ल्यू १२४ च्या आधीच्या पिढीचं. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या मर्सिडीज २४० डी मध्ये ओएम ६१६ नावाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, तेच इंजिन परवान्याखाली आकुर्डीत बनवलं आणि ट्रॅक्स व ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. त्यामुळे जुन्या २४० डी च्या इंजिनाला पिस्टन, रिंगा, बेअरिंग लागली तर मेकॅनिक श्टुटगार्टचा विचारही करत नाही. खेड्यापाड्यांत वऱ्हाडं वाहिलेल्या ट्रॅक्सने राजदूतांच्या आणि उद्योगपतींच्या गाड्यांना जिवंत ठेवलं आहे. पुण्याच्या वाहनउद्योगाबद्दल एवढं लिहिलं जातं, पण त्याची ही बाजू क्वचितच कुणी सांगतं.

सुट्या भागांसाठी पुणेकर नाना पेठेत जातो, रविवारी-बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरतो आणि तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याला सीएसटी रोड गाठतो. तरीही सबंध डोनर दारात असण्याची सर या कोणत्याच बाजाराला येत नाही, आणि कारण पैशाचं नाही. बाजारात भाग मिळतो. तो कसा निघतो, कोणता स्क्रू आधी काढायचा, कोणती क्लिप बाहेरून दाबायची आणि कोणती आतून, हे मिळत नाही. डोनरवर हात चुकायला मोकळीक असते. मेकॅनिक आधी तिचा डॅशबोर्ड काढतो, दोन क्लिपा मोडतो, तिसरी कशी सुटते ते त्याला कळतं आणि मग तो मालकाच्या गाडीला हात लावतो. या गाड्या नव्या असताना त्यांवर काम केलेली माणसं आता निवृत्तीला आली आहेत. त्यांच्या हाताखालच्या पोराला स्कॅनर लावून कोड वाचता येतो, पण व्हॅक्यूमची नळी कानाजवळ धरून गळती ओळखणं त्याला कोणी दाखवलेलं नसतं. ते शिकायची जागा म्हणजे ही खोललेली गाडी. तिची खरी किंमत धातूपेक्षा इथे आहे.

मात्र यात एक प्रश्न आहे आणि तो टाळता येत नाही. प्रत्येक डोनरबरोबर एक डब्ल्यू १२४ कमी होते. जगभर या मालिकेच्या पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या, पण पिंपरीत बनलेल्या त्यांतल्या थोड्या, आणि त्या पुन्हा बनणार नाहीत. किरकोळ दुरुस्तीने रस्त्यावर येऊ शकली असती अशी गाडी केवळ स्वस्त मिळाली म्हणून कापली जाते, तेव्हा वाईट वाटतं आणि वाटायला हवं. दोन गाड्या समोर ठेवून शांतपणे ठरवावं की कोणत्या गाडीचा पत्रा चांगला आहे. कधी कधी आपली लाडकी गाडीच डोनर व्हायला योग्य असते आणि भंगार म्हणून आणलेली जगवण्याजोगी. मालकाला हे पटणं जड जातं. चांगला मेकॅनिक ते स्पष्ट सांगतो.

कायद्याचं पान यापुढचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग फिटनेस पाहून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२१ मध्ये स्क्रॅपेज धोरण आलं. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना १०,००० झालं. आयात केलेल्या मोटारींना तेच ८०,०००. म्हणजे एकाच साच्यातल्या दोन बहिणी, पण पिंपरीतली दहा हजार भरणार आणि झुफेनहाउझेनची ऐंशी हजार. पुण्यात वयामुळे गाडी भंगारात काढायची सक्ती नाही, हे बरंच आहे. गाडीचं वय पाहून दंड करण्यापेक्षा तिचा धूर आणि ब्रेक तपासावेत, नापास झाली तर खुशाल उभी करावी. व्यवस्थित सांभाळलेली तिशीतली गाडी हयगय केलेल्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा रस्त्यावर जास्त सुरक्षित असू शकते.

डोनरच्या कागदांकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. तिचं इंजिन आपल्या गाडीत बसवलं तर नव्या इंजिन नंबरची नोंद आरटीओत करून आरसीवर आणावी लागते. आणि जी गाडी कायमची खोलली तिची नोंदणी जिवंत ठेवणं धोक्याचं आहे. मोडीत निघालेल्या गाडीचा चेसिस नंबर आणि कागद चोरीच्या गाडीला चिकटवले जातात. मेरठच्या सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी कारवाई केली ती चोरीच्या गाड्या कापून विकण्याच्या अशाच धंद्यापायी. महागड्या गाडीची आरसी अशा माणसांच्या हाती लागली की उत्तरं शेवटच्या मालकाला द्यावी लागतात.

तेव्हा ज्यांच्या मनात दुसरी गाडी घ्यायचं चाललं आहे त्यांनी आधी जागा पाहावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं सांगाडा ठेवू नये, रस्त्यावर तर नकोच. महापालिका बेवारस गाड्या उचलते आणि तोवर उंदीर वायरिंग खाऊन जातात. गाडी पावसाळ्याआधी खोलावी, प्रत्येक भागाच्या पिशवीवर तो कुठून निघाला ते लिहावं, खोलताना गॅरेजमधल्या पोरांना शेजारी उभं करावं. आपल्याला न लागणारे भाग दडवून न ठेवता दुसऱ्या डब्ल्यू १२४ वाल्याला द्यावेत. उरलेला पत्रा अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात घालावा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचं चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून, आरसी जमा करून, नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्यावा.