बाबतपूर ते गंगाघाट

काशीयात्रेचें नांव काढलें कीं घरांतील वडील मंडळींच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्यांत भक्तीबरोबर थोडी धास्तीही मिसळलेली असते. ही धास्ती निराधार नाहीं. १८५७ सालीं वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या चुलत्याबरोबर उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचा वृत्तांत १९०७ सालीं चिंतामणराव वैद्य यांनीं प्रसिद्ध केला. तो ज्यांनीं वाचला आहे त्यांस जुनी यात्रा म्हणजे काय प्रकरण होतें हें निराळें सांगावयास नको. पुढें १८७० सालीं मुंबईकडील व कलकत्त्याकडील लोहमार्ग जबलपुरास एकमेकांस मिळाले, १८८७ सालीं काशीजवळ गंगेवर रेल्वेचा पूल झाला, आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. आज मुंबईस विमानांत बसलेला मनुष्य सव्वादोन तासांच्या आंतबाहेर काशीच्या विमानतळावर उतरतो. हजार मैलांची वाट अशी चुटकीसरशी सरते, आणि मग विमानतळापासून उताऱ्याच्या जागेपर्यंतच्या थोडक्या वाटेंत मात्र कित्येकांच्या नाकीं नऊ येतात. ह्या थोडक्या वाटेविषयींच चार शब्द लिहिण्याचा आजचा विचार आहे.

विमानतळ शहराच्या वायव्येस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर बाबतपूर येथें आहे. मोगलसराईस जन्मलेले व काशी विद्यापीठाची 'शास्त्री' ही पदवी आडनांवासारखी धारण करणारे लालबहादूर यांचें नांव त्यास २००५ सालीं देण्यांत आलें. २०१८ सालच्या नोव्हेंबरांत येथून शहरापर्यंतचा चौपदरी रस्ता खुला झाला, तेव्हांपासून हरहुआ, शिवपूर ह्या बाजूनें छावणीपर्यंतचा प्रवास पुष्कळच सुखाचा झाला आहे. रस्ता मोकळा असल्यास पाऊण तासांत छावणी येते. परंतु छावणी म्हणजे काशी नव्हे, आणि खरी गोष्ट येथूनच सुरू होते.

परक्या गांवीं पाहुण्यास घ्यावयास मनुष्य येणें ही कांहीं आजची नवलाई नाहीं. पूर्वीं तीर्थोपाध्यायांचीं माणसें स्टेशनावर हजर असत. तुमचें गांव कोणतें, आडनांव काय, कुलदैवत कोणतें, एवढें विचारून तीं तुम्हांस आपल्या घरीं नेत आणि वहींत तुमच्या आज्याच्या हातची सही काढून दाखवीत. सामान, उतारा, स्नान, श्राद्ध, नांव, सर्व कांहीं त्या एका घरावर सोंपवून यात्रेकरू निर्धास्त होई. दक्षिणेच्या बाबतींत कुरकूर होत असे हें खरें. परंतु अनोळखी शहराच्या वेशीवर आपलें म्हणणारें कोणी उभें आहे, ह्या जाणिवेची किंमत पैशांत करतां येत नाहीं. आजची खासगी मोटार आगाऊ ठरवून ठेवण्याची पद्धत ही त्याच गरजेचें नवें रूप होय. उपाध्याय वही पाहून ओळखीत असे. मोटारवाला हातांत आपल्या नांवाची पाटी धरून उभा असतो. फरक इतकाच कीं, उपाध्याय तुम्हांस थेट आपल्या ओसरीवर नेऊन पोंचवी, आणि मोटारवाला जेथपर्यंत मोटार जाते तेथपर्यंतच नेतो. हें 'जेथपर्यंत' काशींत फार महत्त्वाचें आहे.

काशींतील हॉटेलांचे ह्या दृष्टीनें स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला छावणी व नदेसर ह्या भागांतील हॉटेलांचा. येथें रस्ते रुंद, मोटार थेट देवडीपर्यंत जाते, आणि प्रश्नच उद्भवत नाहीं. मात्र गंगा येथून दूर पडते, व रोज पहाटे स्नानास जाणें-येणें हें एक नवेंच काम होऊन बसतें. दुसरा वर्ग अस्सी, भदैनी, लंका ह्या दक्षिणेकडील भागाचा. काशी हिंदू विश्वविद्यालय ह्याच बाजूस. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें जन्मस्थान म्हणून दाखवितात तेंही भदैनींतच. येथें मोटार बहुधा घाटाच्या बऱ्याच जवळ जाते. तिसरा वर्ग प्रत्यक्ष घाटांवरील व विश्वनाथाच्या गल्ल्यांतील उताऱ्यांचा. खिडकी उघडतांच गंगा दिसावी अशी ज्यांची इच्छा, ते येथेंच उतरतात. आणि गैरसमजहि सर्वांत अधिक येथेंच होतात. कारण गोदौलिया चौकापासून दशाश्वमेधाकडे गर्दीच्या वेळीं मोटारींस मज्जाव असतो, आणि त्यापुढील गल्ल्या तर दोन माणसें व एक गाय समोरासमोर आलीं असतां कोणी मागें सरावें हा प्रश्न पडावा इतक्या अरुंद.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या आत्याबाईंस घेऊन आम्ही काशीस गेलों होतों. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे धरलेले, पण काशी झाल्याखेरीज डोळे मिटावयाचे नाहींत हा निश्चय. मोटार एका एजंटामार्फत ठरविली होती व 'हॉटेलच्या दारापर्यंत' असें त्यानें लेखी कळविलें होतें. रात्रीं साडेआठाच्या सुमारास मोटार गोदौलियाच्या अलीकडे थांबली, आणि चालकानें अत्यंत नम्रपणें सांगितलें कीं येथून पुढें गाडी जात नाहीं. त्या बिचाऱ्याचा त्यांत कांहीं दोष नव्हता; एजंटानें त्याला दाराची गोष्ट सांगितलीच नव्हती, आणि सांगितली असती तरी दारापर्यंत रस्ताच नव्हता. हॉटेलांत टेलिफोन केल्यावर वीस मिनिटांनीं दोन मुलें आलीं व सामान डोक्यावर घेऊन चालूं लागलीं. आत्याबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन निघाल्या. दर पन्नास पावलांवर दुकानाच्या पायरीवर बसावें, पुन्हां उठावें. एका वळणावर मागून 'राम नाम सत्य है' असा गजर आला. आम्हीं भिंतीस अंग लावून वाट दिली. प्रेतयात्रा मणिकर्णिकेकडे निघून गेली. आत्याबाईंनीं हात जोडले, क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला पोंचवायला चार जण आहेत रे, मला एकटा तूंच." त्या थट्टेनें बोलल्या कीं खऱ्याच, हें मला अजून उमगलेलें नाहीं. उताऱ्यावर पोंचल्यावर त्यांस दोन दिवस अंथरुणांतून उठवेना, आणि सोमवारचें विश्वनाथाचें दर्शन हुकलें तें हुकलेंच. घेतलेल्या पैशांचा कांहीं भाग एजंटानें पुढें परत केला. गेलेला सोमवार तो कोठून परत करणार?

परततांना आम्ही निराळी व्यवस्था केली. हॉटेलच्या व्यवस्थापकानें उताऱ्याच्या पायऱ्यांशींच नांव आणविली, राजघाटापर्यंत आम्हीं जलमार्गानें गेलों आणि तेथें रस्त्यावर मोटार उभी होती. आत्याबाईंस चालावें लागलें तें केवळ पायऱ्यांपुरतें. येतांनाही हाच मार्ग उलट दिशेनें घेतां येतो, आणि ज्यांच्याबरोबर वृद्ध मंडळी आहेत त्यांनीं तो अवश्य घ्यावा असें माझें मत आहे. ह्यांत केवळ पायांची सोय नाहीं. गंगा येथें उत्तरवाहिनी आहे व घाट पश्चिम तीरावर आहेत. राजघाटाहून प्रवाहाविरुद्ध दक्षिणेस निघालेल्या नांवेंतून उजव्या हातास आपल्याच लोकांचा इतिहास ओळीनें उभा दिसतो. दुर्गाघाट व ब्रह्माघाट ह्यांच्या मागील गल्ल्यांत मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. पुढें पंचगंगा. मग नागपूरकर भोसल्यांचा घाट, बायजाबाई शिंद्यांनीं १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट व त्याशेजारचें कललेलें रत्नेश्वराचें देऊळ, मणिकर्णिका, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत १७४८ सालीं बांधलेला दशाश्वमेध, आणि त्याला लागून अहल्याबाईंचा घाट. विश्वनाथाचें सध्यांचें मंदिरही १७८० च्या सुमारास त्याच साध्वीनें उभारिलें. अहल्याबाई घाटापलीकडील मुनशी घाट नागपूरच्या दरबारांतील श्रीधर नारायण मुनशी यांनीं १८१२ सालीं बांधविला. तेथील वाडा पुढें दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आज त्यांत हॉटेल आहे. त्या हॉटेलचे पाहुणे बहुधा नांवेनेंच येतात. ज्या पैठणच्या भट्ट घराण्यानें काशींत विद्येचा दरारा बसविला, त्याच घराण्यांतील गागाभट्ट १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठीं रायगडीं आले. तेव्हां ह्या वाटेनें आपली माणसें दोन्ही दिशांनीं गेलीं-आलीं आहेत, हें नांवेंत बसल्याबसल्या ध्यानीं येतें.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. मोटार ठरवितांना पहिला प्रश्न भाड्याचा विचारूं नये. 'मोटार नेमकी कोठें थांबेल, आणि तेथून हॉटेल किती पावलांवर व किती पायऱ्यांवर आहे' हा विचारावा. दुसरा प्रश्न, तेथें सामान उचलावयास कोणाचा मनुष्य येणार व त्याची मजुरी कोणीं द्यावयाची. हे दोन्ही प्रश्न मोटारवाल्यास व हॉटेलवाल्यास वेगवेगळे विचारावेत. उत्तरें जुळलीं तर ठीक, न जुळलीं तर तेथेंच उलगडा करून घ्यावा. तिसरें, विमान उशिरा आल्यास मोटार किती वेळ फुकट थांबेल. पौष-माघांत दाट धुकें पडून येथील विमानें कित्येक तास रखडतात किंवा रद्दही होतात, म्हणून विमानाचा क्रमांक आधीं कळवून ठेवणें अगत्याचें. चौथें, भाड्यांत विमानतळावरील वाहनतळाचा आकार, रस्त्यावरील टोल व रात्रीचा जादा आकार धरला आहे कीं नाहीं. पांचवें, माणसें व बोजे किती, हें गाडी ठरण्यापूर्वींच सांगावें. चार माणसें आणि सहा बोजे लहान गाडींत मावत नाहींत, हें विमानतळाच्या दारांत कळून उपयोग नाहीं.

चालकाचें नांव, दूरध्वनि व गाडीचा क्रमांक आदल्या दिवशीं मागून घ्यावा आणि बाहेर पडल्यावर तो क्रमांक ताडून मगच बसावें. "तुमचें हॉटेल बंद झालें", "तेथें पाणी शिरलें", "त्याहून चांगली जागा दाखवितों", असें कोणी सांगूं लागल्यास वाद न घालतां हॉटेलांतच टेलिफोन करावा. दलालीसाठीं पाहुणा दुसरीकडे वळविण्याची ही युक्ति सर्वच तीर्थक्षेत्रीं जुनी आहे. सर्व पैसे आगाऊ मागणाऱ्यापेक्षां कांहीं आगाऊ व बाकी पोंचल्यावर घेणारा बरा. रात्रीं उतरणाऱ्यांनीं, एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांनीं व वृद्धांबरोबर असणाऱ्यांनीं शक्यतों हॉटेलचीच मोटार घ्यावी. थोडें भाडें अधिक पडलें तरी बोलणें करावयास एकच मनुष्य राहतो. धडधाकट तरुणास मात्र विमानतळावरील भाड्याची गाडी पुरेशी आहे. त्यानें ह्या सर्व खटाटोपांत पडण्याचें कारण नाहीं.

ऋतूचाही विचार हवा. श्रावण-भाद्रपदांत गंगा चढली म्हणजे घाटांच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट उरत नाहीं, आणि नांवा चालविण्यास सरकारी मनाई होते. त्या दिवसांत नांवेवर भरवसा ठेवून घाटावरचा उतारा घेऊं नये. छावणी किंवा लंकाच बरी. कार्तिकी पौर्णिमेस देवदीपावलीचा सोहळा अपूर्व खरा, परंतु त्या रात्रीं शहरांत मोटार म्हणजे निव्वळ अडथळा. तेव्हां एक दिवस आधीं पोंचावें.

शेवटीं एक गोष्ट त्या वाट पाहणाऱ्या माणसांविषयीं. विमान दोन तास उशिरा आलें म्हणजे आपण खुर्चींत बसून कुरकुरतों. तो चालक त्या वेळीं पाटी घेऊन उभाच असतो. सामान डोक्यावर घेऊन अंधाऱ्या गल्लींतून पुढें चालणाऱ्या मुलाला प्रत्येक उखडलेला दगड ठाऊक असतो, आणि तो वळून "सँभल के" म्हणतो म्हणून आपले वडील पडत नाहींत. भाड्याची घासाघीस जरूर करावी, पण ती आधीं करावी. त्यानें आपल्याला सुखरूप पोंचविल्यानंतर दहा-वीस रुपयांसाठीं त्याच्याशीं हुज्जत घालूं नये. आपल्या वडिलांचा हात काशीच्या वेशीवर ज्याच्या हातीं देतों, त्याच्याशीं बोलणें स्पष्ट असावें आणि वागणें घरच्यासारखें असावें. एवढें सांभाळलें तर बाबतपूर ते गंगाघाट ही वाट कोणासही जड जाणार नाहीं.