दूरच्या बाकावरचे विद्यार्थी

हिंगणा रोडवरच्या एका महाविद्यालयात मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. आमच्याकडे नागपूर शहरातली मुलं असतात, तशीच काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूरकडची आणि थेट गडचिरोली जिल्ह्यातलीही. शहरातल्या मुलांची सोय जानेवारी २०२०मध्ये झाली होती, सीताबर्डी ते लोकमान्यनगर मेट्रो सुरू झाली तेव्हा. गावाकडच्यांचा आधार एसटी, नाहीतर एमआयडीसीच्या आसपास भाड्याने घेतलेली खोली. टाळेबंदीत बहुतेकांनी खोल्या सोडल्या आणि ती घरी गेली.

राज्यातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१पासून पुन्हा उघडली. लसीचे दोन डोस झालेल्यांनी वर्गात यायचं, बाकीच्यांना ऑनलाइन शिकवायचं, असं ठरलं. त्याच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला. शासनात विलीनीकरणाच्या मागणीवरचा हा संप एप्रिल २०२२पर्यंत लांबला. ज्यांचे दोन्ही डोस झाले होते तीही मुलं गावातच अडकली. कोणी दुचाकी मिळाली तर येई, कोणी काळीपिवळीने, पण रोजचं भाडं कुठून आणणार? एकाच तासाला काही मुलं समोरच्या बाकांवर आणि काही मोबाइलवर, असा आमचा वर्ग त्या हिवाळ्यात भरायला लागला.

नुसतं ऑनलाइन शिकवणं एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दोन्हीकडे एकाच वेळी शिकवणं हे वेगळंच काम निघालं. टेबलावर लॅपटॉप, त्यावर गुगल मीट, पाठीमागे फळा. फळ्याकडे वळून लिहायला लागलं की लगेच आवाज येई, "मॅडम, काहीच ऐकू नाही येऊन राहिलं." खिडकीचा उजेड फळ्यावर पडे आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसती चमक दिसे. वर्गातल्या एखाद्याने स्वतःच्या मोबाइलवर तोच तास उघडला, की दोन स्पीकर आणि दोन माइक एकमेकांचा आवाज पकडत आणि खोलीभर कर्कश शिट्टी घुमे.

यातून पहिली गोष्ट कळली ती आवाजाची. चित्र थांबलं तर मुलं तग धरतात. आवाज तुटला की ती तासातून बाहेर पडतात. आवाजाला डेटाही चित्रापेक्षा पुष्कळ कमी लागतो. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी कॉलर माइक आला. खोलीतला आवाज एकाच यंत्रातून आत-बाहेर जाईल आणि बाकी सगळ्यांचे माइक-स्पीकर बंद राहतील, हा नियम झाला. ज्यांच्याकडे रेंज कमी त्यांनी व्हिडिओ बंद ठेवावा, मात्र तासाआधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या आकृत्या वहीत काढून ठेवाव्यात, असं ठरवलं.

दुसरी गोष्ट फळ्याची. बीमचा विषय आकृतीशिवाय शिकवता येत नाही. आधी बीम काढायचा, खाली शिअर फोर्सची आकृती, तिच्या खाली बेंडिंग मोमेंटची. तिन्ही एकाखाली एक जुळल्या तरच नातं कळतं. दोन्ही टोकांना साधा टेकलेला चार मीटरचा बीम घेतला आणि त्यावर मीटरला दहा किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार दिला, तर मधोमध वीस किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. हे उत्तर पाठ करून उपयोग नाही, वक्र रेषा वर चढताना पाहावी लागते. म्हणून मी फळा बाजूला ठेवला. स्टँडवर मोबाइल उपडा लावला, त्याखाली कोरा कागद घेतला आणि जाड पेनाने लिहायला लागले. तेच चित्र प्रोजेक्टरवरून वर्गाला आणि मीटवरून गावाकडे जाई. दोन्हीकडच्या मुलांसमोर एकच आकृती एकाच वेळी उमटू लागल्यावर "कुठली रेघ, मॅडम?" हा प्रश्न जवळजवळ थांबला.

तरी एक उणीव राहिली. वर्गातल्या मुलांच्या शंका दूरच्यांना ऐकू जात नसत. त्यांना फक्त माझं उत्तर ऐकू येई, आणि कशाचं उत्तर आहे तेच कळत नसे. मी प्रत्येक शंका माइकवर पुन्हा सांगू लागले. पण दूरच्यांच्या शंका मात्र येतच नव्हत्या.

तेव्हा मला काही वर्षांपूर्वीची एक कार्यशाळा आठवली. आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांनी देशभरातल्या अभियांत्रिकी शिक्षकांसाठी मोठा प्रशिक्षण उपक्रम चालवला होता. तज्ज्ञ पवईत शिकवत आणि आम्ही शिक्षक आपापल्या भागातल्या केंद्रात बसून अमृता विद्यापीठाच्या 'ए-व्ह्यू' या प्रणालीवर ते पाहत असू. त्या वेळी दूरच्या बाकावर मी होते. तिथे मला टिकवून ठेवलं ते केंद्रावरच्या समन्वयकाने. त्याला आधी वेगळं प्रशिक्षण मिळालेलं असे. आमच्यातल्या कोणाला शंका आली की तो हात वर करून पवईचं लक्ष वेधून घेई, आमची पाळी येईपर्यंत शंका धरून ठेवी. यंत्रणा उत्तम होती, पण तिला जोडलेला माणूस नसता तर आम्ही नुसते प्रेक्षक झालो असतो.

तेच मी वर्गात आणलं. प्रत्येक दूरच्या विद्यार्थ्याला वर्गातला एक सोबती दिला. दूरच्याने चॅटवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचं, सोबत्याने उभं राहून त्याच्या नावाने विचारायचं. मी प्रश्न टाकल्यावर जरा जास्त थांबायची, कारण आवाज पोचायला आणि परत यायला वेळ लागतो आणि समोरची मुलं तेवढ्यात उत्तर देऊन मोकळी होतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यातली एक मुलगी तोवर तासाला गप्पच असे. एक दिवस तिच्या सोबतिणीने विचारलं, "मॅडम, ती म्हणते, ओव्हरहँग बीममध्ये जिथे मोमेंट शून्य होतो तिथेच वरचा बार तोडला तर चालेल का?" उरलेला तास या एका प्रश्नावर गेला. मोमेंट शून्य झाला तरी शिअर असतोच. शिवाय बारला काँक्रीटमध्ये पकड धरायला त्या बिंदूपलीकडे लांबी लागते. भार सरकला की तो बिंदूही सरकतो. म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकात वरच्या बारांपैकी निदान एक तृतीयांश त्या बिंदूच्या पुढे ठरावीक अंतर न्यायचा नियम आहे. समोरची मुलं हिरिरीने वाद घालत होती, ती तिकडून लिहीत होती आणि सोबतीण वाचत होती. त्या दिवशी ती मुलगी खऱ्या अर्थाने वर्गात होती आणि तिच्यामुळे वर्ग शहाणा झाला.

सगळंच असं जमलं नाही. काँक्रीटचा स्लम्प स्वतः कोन उचलून पाहावा लागतो. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेला क्यूब यंत्राखाली फुटताना समोर असावं लागतं. सर्व्हेला उन्हात उभं राहावं लागतं. संप मिटल्यावर मुलं परत आली, तेव्हा ही प्रात्यक्षिकं आम्ही त्यांच्याकडून पुन्हा करून घेतली. आणि दोन वर्ग एका जिवाने सांभाळताना शिक्षक थकतो, हेही उघडपणे सांगायला हवं. शिकवणाऱ्याबरोबर पडद्याकडे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस हवाच.

आज वर्ग भरलेले असतात, तरी माइक, स्टँड आणि सोबत्याची पद्धत मी सोडलेली नाही. कोणाचा पाय मोडतो, कोणाच्या घरी आजारपण निघतं, कोणाला कापूस वेचणीला घरी थांबावं लागतं. अशा मुलांसाठी प्रत्येक महाविद्यालयाने निदान एक खोली तरी अशी सज्ज ठेवावी. मात्र ती खोली दाखवून वसतिगृहाच्या जागा किंवा एसटीच्या फेऱ्या कोणी कमी करू लागलं, तर आम्ही शिक्षकांनीच आधी विरोध केला पाहिजे. कोरचीच्या मुलीचा तास बुडू नये म्हणून मोबाइल आहे. तिने हिंगण्याला येऊन स्वतःच्या हाताने काँक्रीट कालवावं, हा तिचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.