निम्म्या बाळांचं देणं

माझ्या पाठचा भाऊ घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी हगवणीनं गेला. जुलाब होत असताना लेकराला पाणी पाजू नये, असं तेव्हा घरोघरी मानत. आईनंही पाजलं नाही. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रोगी जगवले, हे मी पुढं वाचलं. आईला सांगितलं नाही.

लेकरांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसवरची लस महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात आली 2019 साली. त्यानंतरच्या हिवाळ्यात माझा नातू दीड महिन्याचा झाला आणि अंगणवाडीत सिस्टरनं त्याला पहिला डोस तोंडातून दिला, फुकट. मी सिस्टरचे आभार मानले. आणखी कुणाचे मानायचे, ते सुनेच्या मावसबहिणीमुळे कळलं.

ती सेवाग्रामजवळच्या खेड्यातली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासिल लसीची चाचणी 2014 साली सुरू झाली, त्या केंद्रांत सेवाग्रामही होतं. सगळी मिळून 7,500 बाळं. निम्म्यांना लस, निम्म्यांना तसंच दिसणारं पण लस नसलेलं द्रावण. तिचा मुलगा त्यात होता.

"मंग लस भेटली का पाणी?"

"मले का माहीत, काकू! सिस्टरले बी माहीत नव्हतं."

"मंग हो कायले म्हटलं वं?"

"जावेचं लेकरू हगवणीनं गेलं होतं. म्हटलं, पाहू द्या त्याइले."

पुढं लेकराला जुलाब लागले की कळवायचं, डबीत नमुना द्यायचा. सासू कुरकुरायची, हे काय नेण्यासारखं आहे! बाळ कळवळून रडलं, शौचातून रक्त पडलं, तर लगेच दवाखाना. कारण अमेरिकेतली पहिली रोटा लस 1999 मध्ये मागं घ्यावी लागली होती. काही बाळांचं आतडं आतड्यात शिरून अडकलं होतं.

2017 साली निकाल छापून आला. दोन वर्षांत तीव्र रोटा जुलाब सुमारे 39 टक्क्यांनी कमी, अतितीव्र सुमारे 55 टक्क्यांनी. आकडे डोळे दिपवणारे नाहीत. पण अतितीव्र म्हणजे काय, ते रात्री सलाईनसाठी लेकरू घेऊन जिल्ह्याच्या गावी धावलेल्या माणसाला विचारावं. शिवाय हा आकडा निघाला तो निम्म्या बाळांना लस मिळाली नाही म्हणूनच. ती आजारी पडली, तेव्हा त्यांच्यावर उपचार झाले. तरी पडली ती. अशा चाचण्यांना गरिबांचीच घरं का सापडतात, हा प्रश्न मला रास्त वाटतो. आणि नातवाचा डोस मी नाकारला नसता, हेही खरं.

भारत बायोटेकच्या रोटाव्हॅक या दुसऱ्या रोटा लसीसाठी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढूमधल्या 6,799 बाळांनी हेच केलं होतं. तिथं तिघांतल्या एकाला नुसतं द्रावण. म्हणजे नातवाला बाटली कुठलीही लागली असो, देणं चुकत नाही.

गेल्या दिवाळीत कळंब-देवळीवरून एसटीनं त्या मावसबहिणीच्या गावी गेले, साडी घेऊन. "हे काहाले?" तिनं विचारलं. कारण सांगितलं. पोटभर हसली, घडी मोडून पदर पाहिला, रंग पसंत पडला.

"पण काकू," म्हणाली, "आमच्या गावच्या आणखी बाया होत्या त्याच्यात. त्याइच्या साड्या कवा आणता?"