रुसियों: गेरूच्या टेकडीवरचे गाव

आग्नेय फ्रान्समधील प्रोव्हांस प्रदेशात, व्होक्लूझ नावाच्या देपार्तमाँमध्ये म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, सुमारे १३०० लोकवस्तीचे रुसियों हे गाव एका टेकडीवर वसलेले आहे. दक्षिणेला ल्युबरोंची आणि उत्तरेला व्होक्लूझची डोंगररांग असून मधल्या खोऱ्यात द्राक्षमळे, फळबागा आणि ओक-पाइनची राने पसरलेली आहेत. उत्तरेकडून वाहणारा मिस्त्राल हा कोरडा, जोरदार वारा आकाश स्वच्छ करून जातो, पण हिवाळ्यात तो अंगाला झोंबतो.

गावाची खरी ओळख त्याच्या मातीत आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता; त्याच्या तळाशी साचलेली वाळू समुद्र हटल्यावर उष्ण, पावसाळी हवामानात झिजत गेली, तिच्यातील लोह गंजले आणि पांढऱ्या चिकणमातीला पिवळ्यापासून गर्द तांबड्यापर्यंतच्या छटा चढल्या. तुळशीवृंदावनाला किंवा सारवलेल्या अंगणाच्या कडेला ज्या गेरूचा हात दिला जातो, त्याच जातीची ही माती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्याँ-एतियेन आस्तिए या स्थानिक माणसाने ती धुऊन रंगद्रव्य वेगळे करण्याची रीत रूढ केली आणि शेतीवर जगणाऱ्या गावाला उद्योग मिळाला. खणलेली माती वाहत्या पाण्यात सोडली की जड वाळू पाटातच खाली बसे, रंगाचे हलके कण पाण्याबरोबर पुढच्या हौदांत जात. पाणी काढून टाकल्यावर उरलेला गाळ उन्हात वाळवून त्याच्या वड्या पाडल्या जात आणि तांबडा रंग हवा असल्यास पिवळा गेरू भट्टीत भाजला जाई. हाती येणारा गेरू खणलेल्या मातीच्या मानाने थोडाच असे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामात किती अंगमेहनत मुरली होती याची कल्पना येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्या आप्त गावापर्यंत रेल्वे आली आणि हा गेरू दूरदूर जाऊ लागला. रंगांखेरीज रबराच्या वस्तूंमध्ये भर घालण्यासाठीही तो वापरला जाई, त्यामुळे अमेरिकेतही त्याला मोठी मागणी होती. १९२९ च्या मंदीने ही बाजारपेठ कोसळली, नंतर युद्ध आले, आणि कृत्रिम रंगांच्या स्वस्ताईपुढे हा धंदा पुन्हा उभा राहू शकला नाही. आज शेजारच्या गार्गास गावाच्या हद्दीत खाणकाम थोडेफार टिकून आहे. रुसियोंचे कडे मात्र संरक्षित आहेत, त्यांच्यामधून पर्यटकांसाठी पायवाट काढलेली आहे आणि गेरूचा एक जुना कारखाना आता या कलेचे शिक्षण देणारे केंद्र झाला आहे. ज्या कड्यांचे सौंदर्य पाहायला जग येते, ते कडे बव्हंशी कुदळीने घडवले आहेत; ती मजुरांची स्मृती आहे, आणि तिला केवळ निसर्गाची किमया म्हणणे त्या मजुरांवर अन्याय करणारे आहे.

१९४२ मध्ये आयरिश लेखक सॅम्युएल बेकेट आपल्या सहचरी स्युझानसह येथे आश्रयाला आला, कारण पॅरिसमधील त्यांचा प्रतिकारगट फितुरीमुळे जर्मनांच्या हाती सापडला होता. तो शेतकऱ्यांकडे राबला, ‘वॉट’ ही कादंबरी त्याने येथे लिहीत नेली, आणि ‘वेटिंग फॉर गोदो’च्या मूळ फ्रेंच संहितेत या गावाचा व येथील द्राक्षतोडणीचा उल्लेख उरला.

त्याहून मोलाची नोंद लॉरेन्स वायली या अमेरिकन अभ्यासकाची आहे. १९५०-५१ मध्ये तो कुटुंबासह येथे राहिला आणि १९५७ मध्ये त्याने ‘व्हिलेज इन द व्होक्लूझ’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ज्यात गावाला ‘पेरान’ असे टोपणनाव दिलेले आहे. शाळा, कॅफे, शेत, उधारी, भांडणे अशा साध्या गोष्टींतून त्याने दाखवले की पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी रुजलेले खेडे ही बरीचशी कल्पनाच आहे, कारण बऱ्याच कुटुंबांचे मूळ दुसरीकडे होते. पुढे महायुद्ध होणारच, असे मानणारे शेतकरी तेव्हा फळझाडे लावायलाही कचरत होते. दशकभराने वायली परतला तेव्हा तेच लोक कर्ज काढून बागा लावत होते. भविष्यावरचा विश्वास मोजण्याचे इतके नेमके माप क्वचितच एखाद्या समाजशास्त्रज्ञाच्या हाती लागले असेल.

आजच्या दिनक्रमात जुने बरेच टिकून आहे. दुकानात पाऊल टाकताच ‘बाँजूर’ म्हणणे हा शिष्टाचाराचा अटळ भाग आहे. तो न पाळणारा नवखा कितीही सज्जन असला तरी उद्धट ठरतो. दुपारच्या जेवणाला अनेक दुकाने बंद होतात, शनिवारी आप्तचा बाजार भरतो, आणि पेतांक हा लोखंडी गोळ्यांचा खेळ सावलीत रंगतो. उन्हाळ्यात गल्ल्या गर्दीने भरतात, तर हिवाळ्यात सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या घरांच्या खिडक्या बंद असतात. घरांच्या किमती चढल्यामुळे येथेच काम करणाऱ्या तरुण जोडप्यांना गावात राहणे कठीण होते, आणि हीच आजची खरी चिंता आहे.

गावाचा कारभार ‘कोम्यून’ या सर्वांत लहान स्वायत्त घटकाकडे असतो. युरोपीय संघाचे परदेशी नागरिक कोम्यूनच्या निवडणुकीत मतदान करू शकतात, भारतीय पारपत्र बाळगणारा रहिवासी मात्र कितीही वर्षे राहिला तरी करू शकत नाही. त्याला गावात शिरण्याचा मार्ग १९०१ च्या कायद्याखालील ‘आसोसियासियों’मधून, म्हणजे नोंदणीकृत मंडळांतून जातो: उत्सव समिती, वाचनालय, शाळेतील पालकांचे मंडळ, क्रीडामंडळ. परदेशी लोकांच्या मंडळांवर पूर्वपरवानगीचे बंधन होते, तेही १९८१ मध्ये उठले. उत्सवाच्या आदल्या दिवशी टेबले मांडायला जो येतो, त्याचे नाव गावाला लवकर पाठ होते.