पाणी असेल तर शहर

दिवाळीच्या सुट्टीत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जायचे ठरले. आम्ही खालाजानना फोन केला. त्या म्हणाल्या, "बेटा, बुधवारी नको, गुरुवारी या. बुधवारी नळाला पाणी यायचंय, ते भरून होऊ दे."

गुरुवारी पोहोचलो, तर पाणी आलेच नव्हते. खालाजानच्या मुलाचे नान-खलियाचे छोटे हॉटेल आहे. तो म्हणाला, "गिऱ्हाईक भरपूर आहे, पण कमाई टँकरवाला नेतो. पुण्याला जावं म्हणतो." खालाजान गप्प राहिल्या.

दुपारी मुलांना घेऊन आम्ही पाणचक्की पाहायला गेलो. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागूनच ती आहे. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून येऊन उंच भिंतीवरून हौदात पडते. याच पाण्यावर जाते फिरायचे आणि मुसाफिर, फकीर व विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जायचे.

शिक्षकाची खोड जात नाही. वडाच्या सावलीत आम्ही मुलांना सांगू लागलो : १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीच्या लोकांना इथून जवळच दौलताबादला आणले. किल्ला अभेद्य, हुकूम सुलतानाचा, तरी काही वर्षांतच परतण्याची मुभा द्यावी लागली. पाण्याची टंचाई हे त्याचे एक कारण सांगतात. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावाच्या जागी हे शहर वसवले. हबशातून गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने डोंगरात मुरलेले पाणी भुयारी नहरीने, नुसत्या उताराच्या जोरावर, शहरातल्या हौदांपर्यंत आणले. मग वस्ती वाढली, मोगलांनी दख्खनचा कारभार इथून पाहिला, हिमरूचा व्यापार बहरला. आपल्या काळात जायकवाडी धरण झाले आणि त्याच्या पाण्यावर वाळूजचे कारखाने उभे राहिले.

धाकटीने विचारले, "मग धरण भरलेलं असताना नानीच्या नळाला पाणी का नाही?"

धरण पन्नासेक किलोमीटर लांब, पाणी पंपाने चढवावे लागते. शहर वाढत गेले, जलवाहिन्या मात्र अपुऱ्या पडल्या. जुनी नहर ठिकठिकाणी गाळाने भरली, तिच्यावर घरे झाली. दोष एकट्या सरकारचा नाही. तिच्यात कचरा टाकणारे हात आपलेच होते. रुंद रस्ते, मॉल, उंच इमारती पाहून माणूस शहरात येतो, पण संसार आणि धंदा टिकतो तो पाण्यावर.

रात्री दोन वाजता गल्लीत आरडाओरड झाली, "पाणी आलं!" घरोघरी दिवे लागले. आम्हीही हंडे, कळशा, बादल्या घेऊन रांगेला लागलो. सगळे भरून झाल्यावर खालाजाननी एक मडके दाराबाहेर ठेवले, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. मुलगा ते पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "अम्मी, नळ चालू आहे तोवर हॉटेलचे दोन ड्रमही भरून घेतो."

पुण्याची गोष्ट त्या रात्री कोणी काढली नाही.