पप्पांची अमेरिका

सप्टेंबरमध्ये ‘अमेरिकन साहित्य’च्या तासाला सरांनी एक छोटी असाइनमेंट दिली. आपल्या हयातीच्या आसपास अमेरिकेला घडवणाऱ्या पाच घटना निवडायच्या आणि त्या का निवडल्या ते लिहायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर द्यायची होती. पण आम्ही टीवायवाले हुशार, कँटीनमध्ये बसून दहा मिनिटांत सगळ्यांची यादी तयार. ११ सप्टेंबर २००१. २००८ ची मंदी आणि त्याच वर्षी ओबामांचा विजय. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलमध्ये घुसलेला जमाव. आणि ट्रम्प यांचं परत येणं.

रात्री हॉस्टेलवर पप्पांचा फोन आला तेव्हा सहज त्यांना यादी वाचून दाखवली. पप्पा बारावी नापास. म्हणाले, “यात आपली मंदी कुठंय?”

“आहे की पप्पा, दोन हजार आठ.”

“ती त्यांची गं. मी आपली म्हणतोय.”

सांगायला हवं की माझे पप्पा सुरतेत हिरे घासतात. मूळचे संगमनेरकडचे. नव्वदच्या दशकात आधी लूमवर आले, मग एका ओळखीच्याने हिऱ्याच्या कारखान्यात बसवलं. तिकडे एका ‘घंटी’वर चार जण बसतात. मधे फिरणारी चकती आणि चौघांच्या हातात चार हिरे. मजुरी नगावर. महिन्याचा पगार नाही, बऱ्याच ठिकाणी साधी पगाराची चिठ्ठीसुद्धा नाही. जगातल्या दहातल्या जवळपास नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात आणि त्यातले बहुतेक सुरतेत. आणि हे हिरे सगळ्यात जास्त घेते अमेरिका. तिथे थँक्सगिव्हिंगपासून ख्रिसमसपर्यंत दागिन्यांची मोठी खरेदी, मग व्हॅलेंटाइन डे. तो माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरतेतून निघावा लागतो. म्हणून आमच्या घरात ख्रिसमस दोनदा येतो असं मम्मी म्हणते. एकदा गणपतीच्या दिवसांत ओव्हरटाइमच्या रूपात, आणि एकदा डिसेंबरमध्ये.

आता माझ्या यादीकडे पाहा. न्यूयॉर्कचे टॉवर पडले ते सप्टेंबरमध्ये. लेहमन ब्रदर्स बुडाली ती १५ सप्टेंबर २००८ ला. आणि भारतीय मालावरचा अमेरिकेचा कर ५० टक्के झाला तो २७ ऑगस्ट २०२५ ला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. उधन्याच्या आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशी, त्यामुळे ढोल वाजत होते. एप्रिलच्या आधी पैलू पाडलेल्या सुट्ट्या हिऱ्यावर अमेरिकेत काहीच कर नव्हता. आपण रशियाचं तेल घेतो म्हणून वाढीव पंचवीस टक्के, असं कारण दिलं गेलं. पप्पांच्या मोटरसायकलच्या टाकीत त्यातलं किती गेलं असेल कोण जाणे.

२००८ मध्ये मी चार वर्षांची होते. त्या दिवाळीनंतर सुरतेतल्या कारखान्यांची सुट्टी लांबतच गेली आणि बरेच कारखाने उघडलेच नाहीत. हजारो लोक सौराष्ट्रात आपापल्या गावी परत गेले, मुलांची नावं शाळेतून काढली गेली, काही कामगारांनी जीवही दिला. हे सगळं मी नंतर वाचलं. माझी स्वतःची आठवण अगदीच वेगळी आहे. पप्पा दिवसा घरी असायचे! मला उठवायचे, बालवाडीत सोडायचे, दुपारी भात कालवून भरवायचे. जानेवारीत उत्तरायणला आम्ही दोघं सकाळपासून गच्चीवर. ते पतंग उडवत होते आणि मी दोन्ही हातांनी फिरकी धरून उभी. माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा काळ कुठला असं कुणी विचारलं, तर मी आजही तोच सांगेन. त्याच महिन्यात मम्मीचं मंगळसूत्र बँकेत गेलं होतं हे मला दहावीत कळलं.

एकदा आमच्याकडे भरभराटही अमेरिकेनेच आणली, हेही लिहायला हवं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकले. फिरायला जाता येत नव्हतं, मग लोकांनी दागिने घेतले. पप्पा रविवारी मिस्सा चुकवून कामावर जायचे. माझा पहिला लॅपटॉप त्या पैशातला.

पण पाचातली जी घटना मला सगळ्यात जास्त टोचते ती २०२० ची. मी सोळा वर्षांची. २५ मेला जॉर्ज फ्लॉइड गेला. तो व्हिडिओ पाहून मी रडले आणि इन्स्टाग्रामवर इंग्लिशमध्ये भली मोठी पोस्ट लिहिली. ते रडणं खोटं नव्हतं. पण त्याच्या आदल्या महिन्यात सुरतेत लूमवरचे कामगार रस्त्यावर आले होते, “आम्हाला घरी जाऊ द्या” म्हणून. मग श्रमिक गाड्या सुटायला लागल्या. आमच्या मागच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा ओडिया मुलं राहायची, पाळीपाळीने झोपायची. एका सकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. त्यातला एक मला येताजाता “दीदी” म्हणायचा. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, आजही नाही. त्यांच्यावर मी एक ओळ लिहिली नाही. लिहावं असं सुचलंच नाही. लिहिण्यासारख्या घटना दूर कुठेतरी घडतात असं मला वाटत होतं बहुतेक. इथे मंडळात येईपर्यंत मी मराठीत काही लिहिलंच नव्हतं, हेही त्यातलंच.

वाचनालयात हुडकताना कळलं की हे दूर-जवळचं गणित जुनंच आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैशांचा पूर आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले, बँका बुडाल्या. त्या तेजीचे राजे प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतचे. आपण रोज ज्याच्यावरून वेळ पाहतो तो राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला. टॉवरवर त्यांच्या आईचं नाव आहे. त्या पडझडीत घरी बसलेल्यांची नावं मात्र मला कुठे मिळाली नाहीत.

दिवाळीला घरी गेले. सोमवार होता, सकाळचे अकरा वाजलेले. बेल वाजवली आणि दार पप्पांनी उघडलं.

लहानपणी याच गोष्टीने मी नाचले असते. आता दारातच पोटात गोळा आला. “सुट्टी लवकर दिली,” ते म्हणाले, आणि माझी बॅग घेतली. संध्याकाळी गाडीवर मागे बसवून खजोदला घेऊन गेले, सुरत डायमंड बोर्स दाखवायला. डिसेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलेली ही इमारत पेंटागॉनपेक्षा मोठी आहे. जगातलं सगळ्यात मोठं ऑफिस. बरीच ऑफिसं अजून रिकामी. आम्ही बाहेरूनच पाहिली. पप्पा म्हणाले, “एवढी मोठी बांधली, पण चावी तिकडंच.”

परत येताना मी सांगून टाकलं की एमए नंतर बघू, आधी नोकरी धरते. सरकारने २०२५ मध्ये हिरे कामगारांच्या मुलांच्या फीसाठी मदत जाहीर केली, पण ती शाळेपुरती होती. पप्पांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, “दोन हजार आठला तुझी बालवाडी बंद केली नव्हती. फॉर्म भर.” मी वाद घातला नाही. फॉर्म भरलाय. नोकरीसाठीही दोन ठिकाणी अर्ज केलाय, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. हा अंक ते वाचतील तेव्हा कळेल.

असाइनमेंटमध्ये मी घटना त्याच पाच ठेवल्या. फक्त प्रत्येक तारखेखाली आमच्या गल्लीत त्या दिवसांत काय चाललं होतं ते लिहिलं. २०२० खाली कुलूप लावलेली खोली लिहिली. सरांनी समासात एवढंच लिहिलं, “हे मंडळाच्या अंकाला दे.” म्हणून हे इथे.

पप्पांचा कारखाना सुट्टीनंतर उघडलाय, आठवड्यातून पाच दिवस. त्यांच्या घंटीवर आता दोघंच बसतात. काल फोनवर मम्मीने सांगितलं, पप्पांनी यंदा ख्रिसमसचा तारा घरीच बनवलाय, पतंगाच्या कागदाचा. त्यांना वेळ होता.